चामखीळ आणि दातखीळ

मी तिसरी-चौथीत असताना माझ्या उजव्या तर्जनीवर एक चामखीळ उगवली होती. राखाडी, खरखरीत, आणि भिंगातून पाहिली तर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी दिसणारी. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ती कौतुकाने दाखवीत असे आणि प्रत्येकाजवळ तिच्यावर एक इलाज असे. शेजारच्या काकू चुना आणि धुण्याचा सोडा सुचवीत, गड्याचा कौल बिब्ब्याकडे होता. पण बिब्ब्याने कातडे कसे उतते हे आजीने पाहिलेले असल्यामुळे तिने दोघांनाही गप्प केले आणि वर्धा स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा एक लांब केस मागून आणला. चामखिळीच्या बुडाशी दोन वेढे देऊन तिने तो करकचून बांधला, आणि त्या दिवसापुरता मी आळीतला महत्त्वाचा माणूस झालो. आठवड्याभरात केस कुठे तरी गळून पडला, चामखीळ होती तिथेच राहिली. पुढे पावसाळा सरला, दिवाळीची सुट्टी आली, आणि एकदा शुद्धलेखन लिहिता लिहिता ध्यानात आले की बोट सपाट आहे. आजीने श्रेय घोड्याला दिले, आम्ही आजीला दिले. ज्याचे ते खरोखर होते त्या देहाने आपला हक्क कधी सांगितलाच नाही.

चामखीळ हा शब्द ‘चर्मकील’ या संस्कृत शब्दाचे वापरून वापरून गुळगुळीत झालेले रूप. वाग्भटाने चर्मकीलाचे वर्णन करताना त्याला खिळ्याची उपमा दिली, स्थिर आणि खरखरीत म्हटले. अर्शाच्या अंकुरांनाही त्याने मांसकीलकच म्हटले आहे. म्हणजे देहावर आपोआप उगवून आलेल्या या मांसाकडे पाहताना आपल्या पूर्वजांना रोप दिसण्याआधी खिळा दिसला, बाहेरून कुणी तरी ठोकलेला. आणि मराठीत हा खिळा कुठे कुठे शिरला आहे! प्रगतीला खीळ बसते, नजर खिळते, पाय जागी खिळतात. रामरक्षा म्हणणाऱ्या लेकराला अर्थ कळण्याआधीच ‘कीलक’ हा शब्द पाठ होतो, मंत्राची शक्ती जिथे बंद करून ठेवलेली असते अशी ती गुप्त खुंटी. पण या साऱ्या कुळात चामखिळीची सख्खी बहीण एकच, दातखीळ. एक त्वचेवर बसते, दुसरी तोंडात. या दोन बहिणींविषयीच मी आज आपल्याशी बोलणार आहे, कारण असा एक आजार आहे ज्यात या दोघी नेहमी हातात हात घालून येतात.

माझ्या बोटावरच्या चामखिळीची भावकी फार मोठी आहे. ज्या विषाणूंच्या कुळाला वैद्यकात एचपीव्ही म्हणतात, त्यात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि प्रत्येकीने देहाचा आपापला मुलूख वाटून घेतला आहे. कुणी तळपायाची, कुणी बोटांची, तर चाळीसेक जाती जननेंद्रियांच्या मऊ, ओलसर त्वचेच्या. जननेंद्रियांवर आणि गुदद्वाराभोवती जे मऊ, तुऱ्यासारखे, बहुधा न दुखणारे कोंब येतात, त्यांपैकी दहांतले नऊ यांपैकी सहा आणि अकरा या क्रमांकांच्या दोनच जातींचे. कूळ एक, घडण जवळजवळ एक, अंतर फार तर दोन-तीन वितींचे. पण बोटावरची चामखीळ मी आळीभर मिरवली, आणि त्या दोन-तीन विती खाली आलेली तीच गोष्ट माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही. देहाचा नकाशा निसर्गाने काढला; त्यावरच्या सीमा मात्र आपण आखल्या, आणि त्यांवर पहारेही आपणच बसवले.

माझे एक स्नेही आयुष्यभर त्वचारोगांचे डॉक्टर होते. आता निवृत्त आहेत, आणि संध्याकाळी आम्ही दोघे सेवाग्रामच्या रस्त्याने रमतगमत चालत जातो. रुग्णाचे नावगाव त्यांच्या तोंडून कधी येत नाही. येतात ती दृश्ये. एक दृश्य त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की ते मीच पाहिले असे वाटू लागले आहे. तिशीचा एक माणूस समोरच्या स्टुलावर बसतो आणि मनगट पुढे करतो. “इथं थोडं खाजवते जी.” मनगटावर काहीही नसते. डॉक्टर तरीही ते मनगट उजेडाकडे वळवून नीट पाहतात, एक साधे मलम लिहून देतात, मग मदतनिसाला काही तरी आणायला बाहेर पाठवतात, पडदा ओढतात आणि पाण्याचा पेला पुढे करून म्हणतात, “आता दुसरं काय ते सांगा.” कधी पाच मिनिटे जातात, कधी माणूस मलमाची चिठ्ठी घेऊन निघून जातो आणि चार महिन्यांनी, वाटाण्याएवढा कोंब बोराएवढा झाल्यावर, परत येतो. “आणि गंमत म्हणजे,” ते म्हणतात, “या घाबरून आलेल्या पोरांपैकी कितीतरी जणांना काही झालेलंच नसतं. शिस्नमण्याच्या कडेनं मोत्याच्या ओळीसारखे बारीक दाणे असतात, ते निसर्गानंच दिलेले असतात. पण हे विचारायचं कुणाला?” जे नव्हतेच ते मनात वर्षानुवर्षे बाळगणाऱ्या त्या मुलांचा विचार करताना मला वाटते, दातखीळ ही चामखिळीची वाट पाहत थांबत नाही, ती आधीच येऊन बसलेली असते.

या मुलांना उत्तर देणारे कुणी नसते असे नाही. रेल्वेने प्रवास करताना शहर जवळ आले की कुंपणांच्या भिंती बोलू लागतात. पिवळ्या चुन्यावर निळ्या-लाल अक्षरांत ‘गुप्तरोग’, त्याखाली हमी आणि लॉजचे नाव. आपल्या भाषेत या आजारांना नावे कमी नव्हती. गरमी होती, परमा होता, आणि ज्याला ते होत त्याच्या वर्तनासाठी ‘बाहेरख्याली’ हा शब्द होता. पण साऱ्यांवर मात केली ती ‘गुप्त’ या विशेषणाने. गुप्तधन लपवलेले असते म्हणून मोलाचे, गुप्तदान नाव न सांगता दिलेले म्हणून अधिक पुण्याचे. रोग मात्र गुप्त झाला की पापाचा होतो आणि पापाचा झाला की महाग होतो. सरकारी रुग्णालयांत आता या आजारांसाठी जी खोली असते तिच्यावर ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी आहे. पाटी बदलणे ही लहान गोष्ट नव्हे. पण पाटीखालून आत जाणारा माणूस अजून मागे वळून पाहतो, आणि ते वळून पाहणे कुठल्याही रंगाने झाकता येत नाही.

असे नेहमीच होते का? सुश्रुताचे निदानस्थान उघडले की वाटते, नसावे. अर्शाच्या अध्यायात तो गुदापाशी थांबत नाही. शिस्नावर, योनीत, कानात, नाकात, मुखात उगवणाऱ्या अंकुरांविषयी तो एकाच शांत स्वरात बोलत जातो. आधी कंड सुटते, खाजवल्याने क्षत पडते, त्या क्षतातल्या दूषित मांसातून कोंब फुटतात. योनीत आलेले कोंब मऊ, बुळबुळीत आणि छत्रीच्या आकाराचे असतात असे तो नोंदवतो. त्याच आकाराकडे पाहून रोमन लोकांना अंजीर आठवले आणि त्यांनी या कोंबांना अंजिराचेच नाव दिले, वर त्यावर हसणाऱ्या कविताही लिहिल्या. सुश्रुत हसत नाही, लाजतही नाही. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी छत्री पाहावी तितक्या सहजतेने तो पाहतो. त्याचा कार्यकारणभाव आजच्या विज्ञानाचा नाही, पण एका जागी तो चकित करतो: त्वचेवरच्या बारीक ओरखड्यातूनच हा आजार आत शिरतो हे आज ठाऊक आहे, आणि सुश्रुताच्या साखळीतही क्षत मध्येच उभे आहे. नीट पाहणाऱ्याला सगळे कळते असे नाही. पण जे दिसते त्याची लाज धरली, तर जे कळण्यासारखे आहे तेही हातचे जाते.

त्याने अर्शावर चार उपाय सांगितले: भेषज, क्षार, अग्नी आणि शस्त्र. माझ्या स्नेह्यांना मी ही चौकट सांगितली तेव्हा ते रस्त्यातच थांबले. “मग आम्ही नवीन काय केलं?” खरेच, चारही खाने अजून तसेच आहेत. क्षाराच्या जागी ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड आले. ते कोंबावर टिपले की क्षणात पांढरे पडते, आजूबाजूच्या त्वचेला व्हॅसलीन लावून जपावे लागते. अग्नीच्या जागी विजेची तार आली. शिवाय अग्नीचे उलटे रूपही आले, उणे १९६ अंशांचे द्रवरूप नायट्रोजन, जे मोठ्या थर्मासमधून काढताना पेल्यावरून पांढरे धुके सांडत राहते आणि ज्यात बुडवलेला कापसाचा बोळा कोंबावर टेकवला की तिथे कणभर हिमालय साकळतो. शस्त्र तसेच आहे. आणि भेषजाची कथा तर हिमालयातच सुरू होते. तिथल्या बर्फाळ उतारांवर वाढणाऱ्या वनकाकडीच्या मुळांतून आणि तिच्या अमेरिकन बहिणीतून निघणारे राळेसारखे द्रव्य, पोडोफायलिन, १९४२ मध्ये कॅप्लन या अमेरिकन डॉक्टराने याच कोंबांवर लावून पाहिले, आणि ते सुकून गळून पडले. त्याच द्रव्याचे शुद्ध रूप आज रुग्ण घरी स्वतः लावू शकतो. इमिक्विमोड नावाचे एक मलम तर कोंबावर लावले तरी त्याला स्वतः जाळत नाही. ते देहाच्या पहारेकऱ्यांना हाक मारते. यांपैकी कोणते कुणाला, हे कोंबाच्या जागेवर आणि माणसावर ठरते. गरोदर स्त्रीला पोडोफायलिन वर्ज्य. हातापायांच्या चामखिळींसाठी दुकानात मिळणारे जहाल औषध इथे अजिबात नको. आणि ज्याला आजीने माझ्या बोटालाही लागू दिले नाही तो बिब्बा तर इथे घात करतो. तरीही या चारही मार्गांना एक मर्यादा आहे. ते कोंब काढतात, विषाणू काढत नाहीत. पहिल्या तीन-चार महिन्यांत कोंब पुन्हा उगवणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि ते उगवले की रुग्णाला वाटते आपण पुन्हा पाप केले. वैद्याचा हात जिथे संपतो तिथून पुढे देहाला आपले काम करू देण्याइतका धीर, हे पाचवे औषध, आणि ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

हा विषाणू आहे तरी कसा? आठ हजारांच्या आसपास अक्षरांची एक चिमुकली पोथी, एवढेच त्याचे भांडवल. ओरखड्यातून तो त्वचेच्या अगदी तळच्या थरात उतरतो आणि तिथे गप्प बसतो. आपली त्वचा हा एक संथ, वर वाहणारा झरा आहे. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत महिन्याभरात पृष्ठभागी येते आणि कोंडा होऊन झडते. विषाणू या प्रवासात घाई करीत नाही. पेशी तरुण असेतो तो थोडका राहतो, ती वर येऊन म्हातारी झाली की आपल्या प्रती करतो, आणि ती झडली की तिच्याबरोबर बाहेर पडतो. तो पेशीला मारत नाही, रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही. म्हणून देहाच्या सैन्याला किती तरी दिवस सुगावाही लागत नाही. स्पर्शापासून कोंब दिसेपर्यंत कधी तीन आठवडे जातात, कधी आठ-दहा महिने, कधी त्याहून जास्त, आणि कित्येकांच्या त्वचेवर तो येऊन जातो तरी कोंब असा कधी उगवतच नाही. कोरियाच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या बायकांना काही आठवड्यांनी असे कोंब आले, ही नोंद १९५४ मध्ये झाली तेव्हा हा आजार शरीरसंबंधातून येतो हे वैद्यकाला निःसंशय कळले. पण ते युद्ध होते, परतण्याची तारीख ठाऊक होती. सामान्य माणसाच्या आयुष्याला अशी तारीख नसते.

आणि नेमका इथेच या आजाराचा सर्वांत क्रूर प्रश्न उभा राहतो: कुणाकडून? घरातल्या बंद दाराआड तो विचारला जातो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा बाईला विचारला जातो. माझे स्नेही म्हणत, “माझ्यासमोर नवरा-बायको बसले की मी आधीच सांगून टाकत असे, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्याकडे नाही आणि सूक्ष्मदर्शकाकडंही नाही.” लग्नाआधीचा एखादा विसरलेला स्पर्श, दोघांपैकी कुणाचाही, वर्षांनंतर बोलू शकतो, तो आजची बेइमानी सिद्ध करीत नाही. जोडीदाराला सांगायला हवे, दोघांनीही तपासून घ्यायला हवे, उपदंश आणि एचआयव्हीची चाचणीही करून घ्यावी, कारण उपदंशाचे चपटे ओलसर चट्टे असेच दिसून फसवतात. निरोध वापरावा, तो धोका कमी करतो, मात्र सगळीच त्वचा झाकत नाही. हे सारे काळजीचे भाग. आरोपाला मात्र पुरावा लागतो, आणि या विषाणूच्या संथ काळात सगळे पुरावे कोंड्यासारखे झडून गेलेले असतात. माणसाला न्याय हवा असतो, देहाला फक्त बरे व्हायचे असते. दीड-दोन वर्षांत बहुतेक देह या पाहुण्याला ओळखतात, आवरतात, आणि त्याचा हिशेब कुणाकडेही मागत नाहीत.

कर्करोगाची भीती मनात येतेच, तेव्हा तेही बोलून घेऊ. सहा आणि अकरा या जाती कोंब देतात, पण कर्करोगाच्या वाटेला जवळजवळ जात नाहीत. ती वाट त्यांच्या चुलतबहिणींची, सोळा आणि अठराची. मात्र ही वाट सापडली ती कोंबांमुळेच. हाराल्ट त्सुर हाउसेन या जर्मन वैज्ञानिकाने ज्यांच्याकडे कुणी प्रतिष्ठित संशोधक पाहत नव्हता अशा या क्षुद्र चामखिळींमध्ये विषाणू धुंडाळला; १९८० मध्ये कोंबांतून सहावी जात हाती आली, आणि त्याच धाग्याने पुढे जात १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून सोळावी आणि अठरावी. २००८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या खेड्यांत, एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांनी ज्या अभ्यासात भाग घेतला, त्याने २००९ मध्ये जगाला दाखवले की एचपीव्हीची एकदा केलेली तपासणीसुद्धा या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते. त्या शेतकरणींनी किती संकोच ओलांडला असेल याची नोंद कुठल्या तक्त्यात नाही. जे लहान, ओंगळ आणि न बोलण्याजोगे वाटते त्याकडे कुणी तरी नीट पाहिले, म्हणून जे प्राणघातक होते त्याचा ठाव लागला.

हे सगळे मी वर्ध्यात बसून लिहितो आहे, आणि या गावाला त्वचेविषयी, स्पर्शाविषयी काही सांगण्याचा अधिकार आहे. १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले, तेव्हा त्या रोगाला महारोग म्हणत आणि रुग्णाला गावकुसाबाहेर काढीत. तो मागच्या जन्मीच्या पापाचा शिक्काच समजला जाई. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्रींची कुटी आजही आहे. संस्कृतचा तो पंडित झडत्या बोटांनिशी दाराशी आला, आणि गांधी रोज स्वतःच्या हातांनी त्याच्या अंगाला मालिश करीत. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे तर आधी घाबरले होते. वरोऱ्यात पावसात कुडकुडणाऱ्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून ते पळाले, आणि आपण पळालो हे सहन न होऊन परत गेले. पुढे १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे काम सुरू झाले, आणि डॉ. वारदेकरांनी जी पद्धत घालून दिली तिचे तीन टप्पे होते: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. मला नेहमी वाटत आले आहे की ‘शिक्षण’ हा शब्द मध्ये आहे हा योगायोग नाही. औषध हाती असले तरी त्याच्यापर्यंत माणसाने चालत यावे लागते, आणि ते चालणे शब्दांवरून होते. महारोगाचा कुष्ठरोग झाला तेव्हा केवळ नाव बदलले नाही, दार उघडले.

मग स्पर्शाचे हे व्याकरण जाणणारे गाव या दुसऱ्या स्पर्शापाशी का अडखळते? त्याचे उत्तरही कदाचित याच गावात आहे. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या होत्या, संततिनियमनाच्या साधनांसाठी गांधींचा आशीर्वाद मागायला. दोघे मोकळेपणाने, एकमेकांचा मान राखून बोलले, आणि एकमत न होता उठले. गांधींना संयमाखेरीज दुसरा मार्ग मान्य नव्हता. कोण बरोबर होते हा वाद मी इथे काढत नाही. मला मोह पडतो तो त्या बोलण्याचा. गांधी दर सोमवारी मौन पाळीत, पण हा विषय निघाला तेव्हा मौनात शिरले नाहीत. मौन आणि दातखीळ यांत फरक आहे तो हाच: मौन माणूस स्वतः धरतो आणि स्वतः सोडतो, दातखीळ त्याला दुसऱ्यांनी बसवलेली असते. तिकडे मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढीत होते आणि वाचकांच्या, घरात विचारता येत नसत अशा प्रश्नांना गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल इतक्या कोरड्या स्पष्टपणाने उत्तरे देत होते. १९३४ मध्ये त्या उत्तरांवरच अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. पण एका गृहस्थाने पत्रातून लाजत विचारलेल्या शंकेसाठी त्या दोघांनी न्यायालयात उभे राहावे, ही गोष्ट मला जिंकल्यासारखीच वाटते. संयम आणि साधन यांत निवड करता येते. अज्ञान आणि लाज यांत निवड करायची वेळ आली की माणूस दोन्ही बाजूंनी हरतो.

आज त्या पत्रलेखकाला देण्यासारखे एक उत्तर आहे जे कर्व्यांजवळ नव्हते. एचपीव्हीची लस ही विषाणूच्या नुसत्या कवचापासून बनते. आत पोथी नाही, प्रती काढण्याची शक्ती नाही. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, सिंदी रेल्वेचा तर दूरवर प्रसिद्ध. लाकडी बैल, चाकांवरचे, शिंगे रंगवलेले, झूल घातलेले. पोर तो ओढत नेते आणि खऱ्या बैलाशी कसे वागायचे ते शिकते. हा बैल नांगर ओढत नाही, तसा शिंगही मारत नाही. लसीतले कवच हे असे लाकडी बैल, देहाच्या तरुण पहारेकऱ्यांना ओळख पटावी म्हणून फिरवलेले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लसीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. सहा, अकरा, सोळा आणि अठरा या चारही जातींची ओळख तीत आहे, नऊ ते चौदा वयात दोन मात्रा, पुढे सव्विसापर्यंत तीन. उगवलेले कोंब ती घालवत नाही. म्हणून ती आधी द्यायची. ऑस्ट्रेलियाने २००७ पासून मुलींना लस दिली, आणि चार-पाच वर्षांत एकविशीच्या आतल्या तरुणींमध्ये हे कोंब जवळजवळ दिसेनासे झाले. ज्यांना लस दिलीच नव्हती अशा मुलग्यांमध्येही ते झपाट्याने ओसरले. एकाच्या अंगातले शहाणपण दुसऱ्याच्या अंगाला सावली देते, हे सत्य संतांनी वेगळ्या अर्थाने सांगितले होते. इथे ते अक्षरशः घडले.

पण लस द्यायची तर आधी बोलावे लागते, आणि तेही ज्यांच्याशी आपण या विषयावर कधीच बोलत नाही त्यांच्याशी. माझ्या स्नेह्यांनी सांगितलेले शेवटचे दृश्य हे आहे. तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन एक बाई आली होती. तिने पदर तोंडाशी धरून हळूच विचारले, “लस कशाची हाय, पोरीले काय सांगू जी?” ते म्हणाले, “तुम्ही नका सांगू, मी सांगतो,” आणि त्यांनी मुलीला समोर बसवून, फळ्यावर भागाकार सांगावा तशा आवाजात सांगितले: त्वचेवर येणारा एक विषाणू आहे, मोठं झाल्यावर जवळच्या माणसाच्या स्पर्शातून येतो, बहुतेकांना येतो, कुणाला चामखिळी होतात, कुणाला पुढं कर्करोग, ही सुई त्याआधीची तयारी. एवढेच. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. आई भिंतीकडे पाहत होती. मुलीने क्षणभर विचार केला आणि विचारले, “मंग दादाले नाई द्याची का?”

“मी तिच्याकडं बघतच राहिलो,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मी हे काम केलं. हा प्रश्न मला एकाही मोठ्या माणसानं विचारला नव्हता.” देता येते, मुलग्यांनाही देता येते, हे त्यांनी तिला सांगितले, आणि आई पहिल्यांदाच पदर खाली करून म्हणाली की मग त्यालेही घेऊन येतो.

त्या संध्याकाळी परतताना आम्ही फार बोललो नाही. मंत्रशास्त्रात म्हणतात, कीलक घातलेला मंत्र कितीही जपला तरी फळत नाही. आधी त्याचे उत्कीलन करावे लागते, खुंटी उपसावी लागते. घरी येऊन मी दिव्याखाली उजवे बोट धरले आणि ती जागा शोधू लागलो जिथे आजीने घोड्याचा केस बांधला होता. सापडली नाही. व्रण नाही, डाग नाही, काही म्हणता काही नाही. ती चामखीळ कोणत्या दिवशी गेली ते मला सांगता येणार नाही. पण त्या मुलीच्या आईचे दात कोणत्या क्षणी मोकळे झाले, ते मी तिथे नसूनही नेमके सांगू शकतो.